कुंपणावरची कुजबुज : टोनी मॉरिसन वाचताना

काळ्या अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ या पहिल्या कादंबरीतली गोष्ट एका कुजबुजीनं सुरू होते. कुठं बोलू नका हं, पण १९४१च्या शरदात झेंडू आलाच नाही, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. मूळ इंग्रजीत त्याच्या सुरुवातीला जे चार शब्द आहेत, ते काळ्या अमेरिकन बायकांच्या परसदारच्या बोलण्यातले. दोघीजणी कुंपणाशी उभ्या राहून तिसऱ्या घरातलं काहीतरी बोलायला लागल्या, की आवाज खाली आणताना हे शब्द येतात. आपल्याकडे ‘तुझ्यामाझ्यात ठेव’ म्हणतात, तसंच.

हे वाक्य का निवडलं, ते मॉरिसन यांनी पुढं सविस्तर लिहिलंय. कुजबुज ऐकणारी बाई त्याच वस्तीतली असते, हे त्यात गृहीत आहे. झेंडूचं बी कुणी पेरलं, कशासाठी पेरलं, ज्या मुलीबद्दल बोलणं चाललंय ती कुणाची, यातलं काहीच तिला समजावून सांगावं लागत नाही. आपण मात्र बाहेरून आलेले असतो. कान देऊन ऐकायचं, सुटलेले धागे हळूहळू जुळवायचे, एवढंच आपल्या हातात.

मॉरिसन अवघड आहेत, अशी तक्रार अनेक वाचक करतात. मीसुद्धा त्यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी पहिल्यांदा तिसाव्या पानाच्या आसपास मिटून ठेवली होती. नंतर लक्षात आलं, वाक्यं फारशी अवघड नसतात. आपण त्या बैठकीत उशिरा येऊन बसलेलो असतो आणि आपल्यासाठी कुणी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत नाही. ही गोष्ट कुणाला सांगितली जातेय, हा एक प्रश्न हातात धरला की मॉरिसन यांची पुस्तकं उलगडतात. आणि गंमत म्हणजे त्यांचं आयुष्यही.

त्यांचं जन्मनाव क्लोई आर्डेलिया वॉफर्ड. जन्म १८ फेब्रुवारी १९३१, ओहायो राज्यातल्या लोरेन या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात. आईवडील मूळचे दक्षिणेतले, आई अलाबामाची आणि वडील जॉर्जियाचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत अशी लाखो काळी कुटुंबं दक्षिण सोडून उत्तरेच्या कारखान्यांच्या शहरांकडे गेली. मागे उरलं होतं ते कुळानं कसायची शेती, वेगळ्या शाळा, वेगळे नळ आणि जमावानं एखाद्याला झाडाला लटकवून मारण्याची कायमची भीती. वडिलांनी कोवळ्या वयात अशा हत्या पाहिल्या होत्या. गोऱ्या माणसांवर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. ते वेल्डरचं काम करत आणि घर चालवायला एकापेक्षा जास्त नोकऱ्या करत.

क्लोई जेमतेम दोन वर्षांची असताना भाडं थकलं म्हणून घरमालकानं घराला आग लावली, माणसं आत असताना. भाडं होतं महिन्याला चार डॉलर. मॉरिसन ही हकिकत सांगत, तेव्हा भर असे तो आईवडिलांच्या हसण्यावर. चार डॉलरसाठी आपलंच घर जाळणारा माणूस किती हास्यास्पद, म्हणून ते हसले. दुसऱ्यानं केलेल्या अपमानाला आपल्या आयुष्याचं केंद्र होऊ द्यायचं नाही, हे त्या घरात असं शिकवलं जात होतं. घरात भुताच्या गोष्टी होत्या, गाणी होती, आईचा आवाज होता. पुढं त्यांच्या कादंबऱ्यांत भुतं इतक्या सहज ये-जा करतात, त्याचं मूळ मला या घरात दिसतं.

बाराव्या वर्षी क्लोईनं कॅथलिक पंथ स्वीकारला. बाप्तिस्म्याच्या वेळी संत अँथनीचं नाव घेतलं आणि त्यावरून ‘टोनी’ हे लाडाचं नाव पडलं. ‘मॉरिसन’ आलं ते १९५८मध्ये हॅरल्ड मॉरिसन या जमैकन वास्तुविशारदाशी लग्न झालं तेव्हा. लग्न १९६४मध्ये मोडलं, नाव राहिलं. पहिल्या पुस्तकावर ‘टोनी मॉरिसन’ छापलं गेलं याची त्यांना पुढं कायम चुटपुट होती. बदलायला सांगितलं तोवर उशीर झाला होता. घरच्यांसाठी त्या शेवटपर्यंत क्लोईच.

शिक्षणाचं थोडक्यात सांगायचं तर, १९४९मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे काळ्यांसाठीच्या सर्वांत नावाजलेल्या विद्यापीठात, त्या दाखल झाल्या. १९५३मध्ये पदवी. मग कॉर्नेलमधून १९५५मध्ये एम.ए., प्रबंध व्हर्जिनिया वुल्फ आणि विल्यम फॉकनर यांच्यावर. नंतर टेक्सासमध्ये आणि परत हॉवर्डमध्ये अध्यापन. हॉवर्डमध्ये काही लिहिणारी मंडळी जमत आणि काहीतरी लिहून आणल्याशिवाय तिथं बसता येत नसे. दाखवण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्यांनी शाळेतल्या एका मैत्रिणीची आठवण घेऊन लहानशी गोष्ट लिहिली. ती काळी मुलगी देवाकडे निळे डोळे मागायची.

घटस्फोटानंतर दोन मुलांना घेऊन त्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी आल्या. रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेच्या पाठ्यपुस्तक विभागात नोकरी मिळाली होती. नवं गाव, एकटीचा संसार, एक मुलगा अगदी तान्हा. मुलं झोपली की त्या ती जुनी गोष्ट पुढं लिहीत. पुढच्या काळातही लिहिण्याची वेळ पहाटेची, मुलं उठायच्या आधीची: अंधारात उठायचं, कॉफी करायची आणि उजाडताना बघायचं. एकदा मांडीवरच्या मुलानं लिहित्या कागदावर संत्र्याचा रस ओकला. त्यांनी तो डाग तसाच ठेवून त्याच्या कडेनं वाक्य पूर्ण केलं. डाग पुसता येतो, सुचलेलं वाक्य पुन्हा येईलच असं नाही. लेखनासाठी निवांतपणा शोधणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट वाचून थोडं खजील व्हायला हरकत नाही.

त्या लहान गोष्टीची कादंबरी झाली: ‘द ब्लूएस्ट आय’, १९७०. लेखिका तेव्हा ३९ वर्षांची. गोष्टीतली पेकोला ही अकरा वर्षांची मुलगी. दुधाच्या कपावरच्या गोऱ्या बालतारकेचं चित्र तिला इतकं आवडतं की ती दूध पीतच राहते. आपण कुरूप आहोत हे तिला कुणी एकानं सांगितलेलं नाही. बाहुल्या, पुस्तकं, सिनेमे, शेजारी, सगळ्यांनी मिळून सांगितलंय. घरातही तिला आसरा नाही, उलट सर्वांत मोठा घाव तिथंच बसतो. त्या कुजबुजीच्याही आधी पुस्तकात येतो तो शाळेतला वाचनपाठ. सुंदर घर, हसरी आई, मोठा बाबा, कुत्रा. मग तोच पाठ विरामचिन्हं काढून पुन्हा छापलाय आणि तिसऱ्यांदा शब्दांमधल्या मोकळ्या जागासुद्धा काढून. आदर्श कुटुंबाची ती पाटी वाचता वाचता डोळ्यांदेखत गिचमिड होऊन जाते.

इथं नोकरीची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण मॉरिसन यांच्या चरित्रात ती बहुधा दोन ओळींत उरकली जाते. सिरॅक्यूजनंतर त्या रँडम हाउसच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्य कार्यालयात आल्या आणि तिथल्या ललित विभागात ज्येष्ठ संपादक झालेल्या पहिल्या काळ्या स्त्री ठरल्या. अमेरिकेत पुस्तकाचा संपादक शुद्धलेखन तपासत बसत नाही. कुठलं हस्तलिखित घ्यायचं, लेखकाला आगाऊ किती रक्कम द्यायची, कुठलं प्रकरण गाळायचं, विक्री विभागाशी भांडून पुस्तकामागं पैसा कसा उभा करायचा, हे सगळं तोच बघतो. काय छापून येणार आणि काय नाही, याची किल्ली बरीचशी त्याच्या हाती असते. १९८३पर्यंत ती किल्ली मॉरिसन यांच्या कमरेला होती.

तिनं त्यांनी काय उघडलं? काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँजेला डेव्हिस तेव्हा तिशीच्याही आत होत्या. त्यांच्याकडून आत्मचरित्र लिहून घेतलं. महंमद अलीचं आत्मचरित्र काढलं. टोनी केड बांबारा आणि गेल जोन्स या कथा-कादंबरीकार बायकांना वाचकांपुढं आणलं. समकालीन आफ्रिकी साहित्याचा संग्रह काढला. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचा नेता ह्यूई न्यूटन याच्या लेखांचं संपादन केलं. ते पुस्तक १९७२चं. त्याच वर्षी, त्याच पक्षाच्या नावावरून प्रेरणा घेऊन, मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण नामदेव ढसाळ, ज. वि. पवार ही तरुण मंडळी ज्या चळवळीकडे बघत होती, तिचे शब्द न्यूयॉर्कच्या एका टेबलावर ही बाई तपासत होती, हे चित्र मला सोडवत नाही.

१९७४मध्ये त्यांच्या देखरेखीखाली ‘द ब्लॅक बुक’ निघालं. याला इतिहासाचं पुस्तक म्हणण्यापेक्षा एखाद्या मोठ्या कुटुंबाची कात्रणवही म्हणावं. तीनशे वर्षांच्या काळ्या आयुष्यातली गुलामविक्रीची बिलं, शोधांची पेटंटं, गाण्यांचे कागद, छायाचित्रं, जाहिराती, वर्तमानपत्रांचे तुकडे. त्यातच १८५६चं एक कात्रण होतं. पोटच्या मुलीला मारणाऱ्या गुलाम आईला तुरुंगात भेटून आलेल्या माणसानं लिहिलेलं.

ती आई म्हणजे मार्गारेट गार्नर. जानेवारी १८५६मध्ये केंटकी राज्यातून, नवरा आणि मुलांना घेऊन, गोठलेली ओहायो नदी पायी ओलांडून ती सिनसिनाटीला पोचली. नदीच्या अलीकडे गुलामगिरी होती, पलीकडे नव्हती. पण १८५०चा पळपुट्या गुलामांचा कायदा असा होता की गुलाम मुक्त राज्यात पळून गेला तरी त्याला पकडून मालकाच्या ताब्यात द्यायचं. पकडायला माणसं आली, घराला वेढा पडला. मुलांना परत पाठवण्यापेक्षा मारलेलं बरं, म्हणून तिनं दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. बाकीच्या मुलांनाही तिनं जखमी केलं, पण त्यांना मारायच्या आत तिला धरलं.

मग जो खटला चालला, तो समजून घेतला की गुलामगिरी म्हणजे कायद्याच्या भाषेत नेमकं काय, हे कळतं. मार्गारेटच्या बाजूचे लोक, म्हणजे गुलामगिरीचे विरोधक, म्हणत होते की हिच्यावर खुनाचा खटला चालवा. हो, तिच्या बाजूचेच. कारण खून माणसाचा होतो. खुनाचा आरोप ठेवला म्हणजे मेलेलं मूल माणूस होतं आणि मारणारी आई स्वतःच्या कृत्याला जबाबदार असलेली माणूस होती, हे न्यायालयानं मान्य केल्यासारखं झालं असतं. मालकाची बाजू याच्या उलट होती: ही माझी मालमत्ता, ती मला परत करा. निकाल मालकाच्या बाजूनं लागला. मार्गारेटला दक्षिणेकडे पाठवलं गेलं आणि १८५८मध्ये ती विषमज्वरानं गेली.

मॉरिसन यांनी गार्नरच्या चरित्रामागं फार खोल जायचं मुद्दाम टाळलं. त्यांना इतिहासात नसलेली एक गोष्ट हवी होती. त्या आईला जाब विचारायचा अधिकार कुणाला आहे? न्यायाधीशाला नाही, मालकाला नाही, शेजाऱ्यांनाही नाही. एकट्या त्या मेलेल्या मुलीला आहे. मग तिलाच परत आणलं तर? ‘बिलव्हेड’ची सगळी कल्पना एवढीच आहे आणि ती हादरवून टाकणारी आहे.

कादंबरी १९८७ची. गोष्ट सुरू होते १८७३मध्ये, सिनसिनाटीजवळ, १२४ क्रमांकाच्या घरात. सेथ आपल्या डेन्व्हर या मुलीबरोबर राहते आणि घरात एका तान्ह्या मुलीचं भूत नांदतं. पहिलं वाक्य घराच्या नुसत्या क्रमांकानं सुरू होतं आणि ते घर खुनशी होतं असं सांगतं. क्रमांक कशाचा, खुनशी का, पत्ता नाही. गुलामांना जसं न विचारता, न सांगता उचलून अनोळखी ठिकाणी टाकलं, तसं वाचकाला पहिल्याच ओळीत टाकायचं, असा त्यामागचा विचार मॉरिसन यांनी सांगितलाय. आणि ज्यांच्या नावावर स्वतःचा देहसुद्धा नव्हता, त्यांच्या लेखी घराला क्रमांक असणं ही केवढी तरी गोष्ट. काही वाचक १२४ या आकड्यात नसलेला तीनही पाहतात; मेलेली मुलगी सेथचं तिसरं मूल होती. मग एक दिवस विशीतली एक तरुणी येऊन दाराबाहेरच्या बुंध्यावर बसते, नाव सांगते बिलव्हेड. सेथनं मुलीच्या थडग्यावर कोरून घेतलेला शब्दही तोच. कोरणाऱ्याला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याची किंमत तिनं स्वतःच्या शरीरानं मोजलेली असते.

१८७३ हे साल मराठी वाचकाला चाटून जायला हवं. याच वर्षी जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. फुले अमेरिकेकडे मुक्ती झालेला देश म्हणून आशेनं बघत होते. मॉरिसन त्याच वर्षी ओहायोतल्या एका घरात नेऊन दाखवतात, की कायद्यानं सुटलेल्या माणसाच्या घरातून जुनं आयुष्य निघायलाच तयार नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथ पुरस्काराची १९८७ची निवड जाहीर झाली, तेव्हा ‘बिलव्हेड’ अंतिम यादीत असूनही मागं पडली. डिसेंबरमध्ये काळे अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन गेले. हा केवढा मोठा लेखक, पण त्यांना ना राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला होता, ना पुलित्झर हा तिथला दुसरा मोठा पुरस्कार. जानेवारी १९८८मध्ये ४८ काळ्या लेखक-समीक्षकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये निवेदन छापलं की हे दोन्ही सन्मान मॉरिसन यांनाही अजून मिळालेले नाहीत. सही करणाऱ्यांत माया अँजेलो, ॲलिस वॉकर होत्या. त्या वसंतात ‘बिलव्हेड’ला पुलित्झर मिळालं. दबावानं दिलं, अशी चर्चा अर्थातच झाली. २००६मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं मागच्या २५ वर्षांतली सर्वोत्तम अमेरिकन कादंबरी कोणती, असं लेखक-समीक्षकांना विचारलं. सर्वाधिक मतं ‘बिलव्हेड’ला पडली. दबावाचा मुद्दा मी इथंच सोडतो.

समीक्षकांशी त्यांचं जुनंच होतं. १९७३मध्ये ‘सुला’ आली. दोन मैत्रिणींची, मैत्रीतल्या विश्वासघाताची आणि त्याहून टिकाऊ निघालेल्या ओढीची ती कादंबरी. एका समीक्षिकेनं लिहिलं की एवढी गुणी लेखिका नुसती काळ्यांच्या गावंढळ आयुष्याची नोंद करत बसावी, हे बरं नव्हे. पंचवीस वर्षांनी, पुलित्झर आणि नोबेल दोन्ही घरात आल्यावरही, ऑस्ट्रेलियातल्या एका मुलाखतकर्तीनं विचारलंच, गोऱ्या माणसांबद्दल तुम्ही मोठं काही कधी लिहिणार? तुमचा प्रश्न किती वंशवादी आहे हे तुम्हाला समजणंच शक्य नाही, असं त्यांनी शांतपणे सुनावलं. गोऱ्या लेखकाला असा प्रश्न कुणी विचारत नाही. टॉलस्टॉय काही लोरेनमधल्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलीसाठी लिहीत नव्हता, असं त्या म्हणायच्या. तरी तिनं तो वाचला आणि तिला तो भिडला. काळा माणूस समाजाला दिसतच नाही, या अर्थाच्या एका गाजलेल्या पुस्तकाच्या शीर्षकावरही त्यांचा सवाल होता: दिसत नाही, पण कुणाला? मला तर दिसतो.

बाकीची कारकीर्द भराभर सांगतो. १९७७ची ‘साँग ऑफ सॉलोमन’ माझी सर्वांत आवडती. मिल्कमन नावाचा आळशी, आत्मकेंद्री तरुण सोनं शोधायला दक्षिणेत जातो आणि हाती लागतं ते मुलांच्या खेळगाण्यात दडलेलं आपल्या घराण्याचं नाव. समीक्षक मंडळाचा राष्ट्रीय पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. ‘बिलव्हेड’नंतर १९९२मध्ये ‘जॅझ’ आली आणि त्याच वर्षी ‘प्लेइंग इन द डार्क’ हे छोटं समीक्षेचं पुस्तक. गोऱ्या अमेरिकन लेखकांच्या कादंबऱ्यांत काळी पात्रं कशासाठी वापरली जातात, याची त्यात झडती आहे. १९८९ ते २००६ त्यांनी प्रिन्स्टनला शिकवलं. १९९३मध्ये साहित्याचं नोबेल. ते मिळालेल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री. त्याच वर्षीच्या नाताळात हडसन नदीकाठचं त्यांचं घर जळून गेलं. २०१०मध्ये धाकटा मुलगा स्लेड कर्करोगानं गेला, तेव्हा ‘होम’ ही कादंबरी अर्धवट होती. लिहिणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं आणि पुस्तक त्यालाच अर्पण झालं. २०१२मध्ये ओबामांच्या हस्ते राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं. अकरावी आणि शेवटची कादंबरी २०१५ची. ५ ऑगस्ट २०१९ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या देशातल्या अनेक शाळांच्या ग्रंथालयांतून ‘द ब्लूएस्ट आय’ काढून टाकण्याच्या मागण्या अजून होत असतात.

गुलामांच्या स्मरणार्थ देशात योग्य असं काहीच नाही, रस्त्याच्या कडेला एखादं छोटं बाकडंसुद्धा नाही, असं १९८९मध्ये त्या ‘बिलव्हेड’बद्दल बोलताना म्हणाल्या होत्या. ते वाक्य काही लोकांनी मनावर घेतलं. २००८मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या सलिव्हन्स बेटावर, जिथं आफ्रिकेतून आलेली असंख्य माणसं जहाजांतून उतरवली गेली तिथं, पाण्याकडे तोंड करून एक बाकडं ठेवलं गेलं. सत्याहत्तर वर्षांच्या मॉरिसन त्यावर येऊन बसल्या.

आता सुरुवात कुठून करावी? ‘बिलव्हेड’नं करू नका, असं मी सांगेन. ‘द ब्लूएस्ट आय’ लहान आहे, पण जीव घुसमटवते. ‘साँग ऑफ सॉलोमन’ला वेळ द्यावा लागतो, पण ती धरून ठेवते. सगळ्यांत आधी मात्र ‘रेसिटॅटिफ’ ही १९८३ची कथा शोधा, एका बैठकीत संपते. त्यात ट्वायला आणि रॉबर्टा या दोन मुली अनाथाश्रमाच्या एका खोलीत भेटतात आणि पुढं आयुष्यभर अधूनमधून एकमेकींसमोर येतात. एक काळी, एक गोरी. कुठली काळी आणि कुठली गोरी, हे लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. केस, जेवण, आईचे कपडे, नवऱ्याची नोकरी, राहण्याचा भाग, सगळे तपशील देते, आणि प्रत्येक तपशील दोन्हीकडे लागू पडतो. घरातल्या आणखी कुणाला तरी ही कथा वाचायला द्या आणि काही न बोलता दोघांनीही आपापलं उत्तर कागदावर लिहा. उत्तर कशावरून ठरवलं, तेही खाली लिहायचं. भांडण होईल, होऊ द्या.